ट्रेलर नंतर, आधी सायकल

दोन मुलं, एक सायकल आणि पायडल मारणारी मी, एवढाच हिशोब होता. शेवटी आम्ही ट्रेलर घेतला, म्हणजे सायकलच्या मागे जोडून ओढायची, मुलांना बसवायची दोन चाकांची छोटी गाडी. तो कसा निवडला ते सांगते. थोरली साडेतीन वर्षांची, पंधरा किलोंच्या आसपास. धाकटा सव्वा वर्षाचा, दहा किलोंचा. थोरलीसाठी कॅरिअरवर लावायची खुर्ची घरात होतीच. अशा खुर्च्या बहुतेक २२ किलोंपर्यंतच्या मुलांसाठी बनवलेल्या असतात, त्यामुळे तिची काळजी नव्हती. धाकट्याला बसवायचं कुठे, हा प्रश्न होता. हँडलमागे एक छोटी खुर्ची, कॅरिअरवर एक मोठी, अशी दोघांना घेऊन जाणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांचं मला कौतुक वाटतं. मैत्रिणीची तशी सायकल मोकळ्या मैदानात चालवून बघितली. मागे थोरली, पुढच्या खुर्चीत धाकट्याच्या वजनाची पिशवी. चालताना काही वाटलं नाही. थांबून एक पाय टेकवला आणि तेवढ्यात थोरलीने काहीतरी बघायला एका बाजूला अंग टाकलं. सगळं वजन कमरेच्या वर असल्यामुळे सायकल सावरताना मनगटं भरून आली. मुलांना चढवता-उतरवताना तर सायकल उभीच असते, आणि खरी भीती तेव्हाचीच.

पुढे लाकडी पेटी असलेली मालवाहू सायकल हा दुसरा मार्ग. मुलं डोळ्यांसमोर राहतात, बोलता येतं. पण ती आख्खी वेगळी सायकल झाली. दुमडत नाही, भिंतीला टेकत नाही, ठेवायची कुठे इथूनच सुरुवात. तिसरा मार्ग ट्रेलरचा. तो सोडवला की सायकल पुन्हा मोकळी. शिवाय ट्रेलरमध्ये मुलं जमिनीलगत बसतात, आणि जोड सगळीकडे फिरणारा असल्यामुळे सायकल आडवी झाली तरी ट्रेलर आपल्या दोन चाकांवर उभा राहतो. मला पटलं ते हे कारण.

वयाचा मुद्दा आधीच मिटवून टाकला होता. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना १२ महिन्यांखालच्या मुलाला सायकलवरून नेऊ नये असं सांगते. मान हेल्मेटचं वजन पेलण्याइतकी पक्की झालेली नसते, आणि खाली रस्त्याचे हादरे. म्हणून धाकट्याचं वर्ष उलटेपर्यंत आम्ही थांबलो. नियम देशागणिक वेगळे आहेत. जर्मनीत मुलांच्या ट्रेलरमध्ये ७ वर्षं पूर्ण होईपर्यंतची, जास्तीत जास्त २ मुलं नेता येतात आणि ओढणारा किमान १६ वर्षांचा लागतो. सगळीकडे इतकं स्पष्ट लिहिलेलं सापडत नाही. आपल्या भागात काय चालतं ते पैसे टाकायच्या आधी बघून घ्यावं.

ट्रेलर निवडायला बसलं की पहिल्यांदा डोळ्यांत भरतात रंग, खिडक्या, गाद्या आणि बाटली ठेवायचे कप्पे. आमच्या निवडीत त्यातल्या कशालाच फारसं महत्त्व राहिलं नाही. निम्मा निर्णय माझ्या सायकलच्या मागच्या चाकाने घेतला, उरलेला दाराच्या चौकटीने आणि थोरलीच्या हेल्मेटने.

मागच्या चाकाचं सांगते, कारण दुकानात याबद्दल आपण होऊन कोणी बोलत नाही. ट्रेलरचा ओढायचा दांडा सायकलला जोडतात तो बहुतेक वेळा मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलवर, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या मधल्या दांड्यावर, डाव्या बाजूला. उजवीकडे चेन आणि गिअर असतात, म्हणून डावीकडे. तिथे एक छोटी जाड पट्टी बसते आणि तिच्यात दांड्याचं टोक पिनने अडकतं. जुन्या पद्धतीच्या, दोन्हीकडे नट असलेल्या चाकाला हे काम सोपं. नट काढायचा, पट्टी घालायची, नट पुन्हा आवळायचा. फक्त पट्टीची जाडी मध्ये आल्यावरही नट पुरेसे आटे पकडतोय ना, एवढं बघायचं. क्विक रिलीजच्या, म्हणजे हाताने खटका उघडून काढता येणाऱ्या चाकातही तेच, कधीकधी त्यातली सळई जरा लांब घ्यावी लागते.

माझ्या सायकलला थ्रू-अ‍ॅक्सल आहे, म्हणजे फ्रेममधून आरपार जाऊन पलीकडे आट्यांत बसणारा जाड दांडा. त्यावर पट्टी घालायला जागाच नसते. तो पूर्ण काढून त्याच्या जागी ट्रेलरसाठी बनवलेला, थोडा लांब अ‍ॅक्सल बसवावा लागतो. आणि तो अगदी जुळणारा हवा. जाडी बहुतेकांची १२ मिलिमीटर असते, पण दोन आट्यांमधलं अंतर कुणाचं १, कुणाचं १.५, तर कुणाचं १.७५ मिलिमीटर असतं. चुकीचा अ‍ॅक्सल सुरुवातीला दोन-तीन वेढे बसतो, मग अडतो, आणि तिथे जोर केला तर फ्रेममधले आटे जातात. माझ्या अ‍ॅक्सलच्या अंगावर बारीक अक्षरांत १.५ लिहिलेलं सापडलं. लांबी मेकॅनिकने कॅलिपरने मोजून दिली. त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. "ताई, तुमच्या अ‍ॅक्सलचं डोकं सपाट आहे. निमुळतं असतं तर वेगळा वॉशर लागला असता. मागवताना हे लिहा." हे मला सुचलं नसतं.

डाव्या बाजूला गर्दीही असते. मागचा डिस्क ब्रेक डावीकडेच. माझा स्टँडही डावीकडे, चाकाजवळ. पट्टी ब्रेकला न घासता बसली, पण डावीकडे कडक वळण घेतलं की ओढायचा दांडा स्टँडला लागत होता. स्टँड काढून पायडलांच्या मागे, फ्रेमच्या मधोमध लावायचा घेतला तेव्हा तो प्रश्न सुटला. सायकल बनवणाऱ्याने ट्रेलर जोडायची परवानगी दिली आहे का, हेही पुस्तिकेत बघायचं असतं. कार्बनच्या फ्रेमला कित्येक कंपन्या साफ नाही म्हणतात. मागच्या चाकातच मोटर असलेल्या विजेच्या सायकलींचा अ‍ॅक्सल वेगळा असतो, तिथे तर विचारल्याशिवाय काही जोडूच नये. माझी साधी अ‍ॅल्युमिनियमची निघाली.

नवरा म्हणाला, "सकाळी तू सोडणार, संध्याकाळी मी आणणार. मग माझ्या सायकललाही जोड नको का?" त्याची सायकल क्विक रिलीजची. म्हणजे दोन सायकली, दोन वेगळे जोड, ट्रेलर एकच. या एका वाक्याने यादीतले काही ट्रेलर गळाले, कारण त्यांचा सुटा जोड वेगळा विकत मिळत नव्हता. बर्ली, थूले, क्रूझर, हॅमॅक्स यांसारख्या नावाजलेल्या कंपन्यांचे जोड आणि अ‍ॅक्सल सुटे मिळतात. स्वस्तातल्या बिननावाच्या ट्रेलरमध्ये जो काही जोड डब्यात येईल तोच. काही ट्रेलरचा जोड अ‍ॅक्सलवर न बसता फ्रेमच्या नळीला शिकंज्यासारखा आवळला जातो. तो लावायला सोपा, सायकल बदलली तरी चालतो. पण फ्रेमचा रंग खरवडतो आणि नळी तिरकी किंवा जाड असली तर सरकतो. मला तो प्रकार मनातून पटला नाही.

मग मापं. दोन मुलांचे ट्रेलर साधारण ८० सेंटिमीटर रुंद असतात. माझ्या सायकलचं हँडल ६२. म्हणजे हँडल जिथून निघालं तिथून ट्रेलर निघेलच असं नाही, दोन्हीकडे मिळून जवळजवळ वीतभर जास्त जागा लागते. आमच्या दाराची चौकट आतून ८४ भरली. कागदावर बसतो, पण चौकटीच्या एका बाजूला कडी पुढे आलेली आहे. जमिनीवर खडूने ८० सेंटिमीटरच्या दोन रेघा ओढून मी रोजचं वळण, फाटकातली फट आणि गाड्या अडवायला रोवलेले खांब यांच्याशी ताडून पाहिलं. शेजारच्या काकांनी "काय, रांगोळी का?" असं विचारलं. एका रस्त्यावरचे खांब अरुंद निघाले, म्हणून तो रस्ताच सोडला. एका मुलाचा ट्रेलर बराच अरुंद असतो आणि कुठूनही निघतो, हे खरं. मुलगा एकच असेल आणि दुसऱ्याचा विचार नसेल तर मी अरुंदच घ्यायला सांगेन.

वळताना ट्रेलर सायकलच्या मागे मागे येत नाही, तो आतल्या बाजूने कापत येतो. कोपऱ्यावर आतलं चाक कठड्यावर चढतं ते यामुळेच. ट्रेलर उलटतात तेही बहुधा असेच: वळणावर वेग, आणि एक चाक उंचवट्यावर.

आता हेल्मेट. दुकानात मुलं ट्रेलरमध्ये बसवून बघतात, पण हेल्मेट न घालता. आम्ही दोन्ही हेल्मेटं बरोबर नेली होती. पहिल्या ट्रेलरमध्ये पाठीचं कापड सरळ वर ताणलेलं होतं. थोरलीच्या हेल्मेटचा मागचा फुगवटा त्याला टेकला आणि तिची मान पुढे झुकली. "आई, मला फक्त माझे बूट दिसताहेत," ती म्हणाली. एवढ्यावर तो ट्रेलर बाद. डोक्यामागे कापड सैल असलेला किंवा तिथे खोलगट जागा सोडलेला ट्रेलर हवा, नाहीतर हेल्मेट घालूनही मूल मान मोडून बसतं. दुसऱ्या ट्रेलरमध्ये मान सरळ राहिली, पण दोघं शेजारी बसल्यावर हेल्मेटं एकमेकांना आपटत होती आणि धाकट्याला त्यातच मजा वाटत होती. खांद्यांजवळ आतली रुंदी किती, हे माप जाहिरातीतल्या बाहेरच्या रुंदीपेक्षा कामाचं. थोरलीचे खांदे मी मोजले तर २७ सेंटिमीटर, धाकट्याचे २२. थंडीचे कपडे घातल्यावर दोघांचे मिळून आणखी काही वाढतात. हात हलवायला जागा धरली तर ६०च्या आसपास आतली रुंदी लागते. डोक्याच्या वरही मोकळी जागा हवी, कारण ट्रेलर उलटलाच तर वरची चौकट जमिनीला टेकायला हवी, हेल्मेट नव्हे.

पट्टे पाच ठिकाणी धरणारे हवेत: दोन खांदे, दोन कमरेकडून आणि एक पायांमधून. खांद्याचा पट्टा जिथून निघतो ती जागा वर-खाली करता येते का ते बघितलं. साडेतीन वर्षांच्या आणि सव्वा वर्षाच्या मुलाच्या खांद्यांच्या उंचीत बराच फरक असतो आणि दोन्ही जागांचे पट्टे स्वतंत्रपणे सरकायला हवेत. बकल मला एका हाताने उघडता यावं आणि थोरलीला मुळीच उघडता येऊ नये, ही माझी कसोटी. तिने एक बकल लगेच उघडून दाखवलं.

दिसायला अगदी असाच, पण कुत्र्यासाठी किंवा सामानासाठी बनवलेला ट्रेलर बराच स्वस्त असतो. त्यात मुलांचे पट्टे नसतात, डोक्यावरची मजबूत चौकट नसते. "त्याच्यात एक गादी टाकली की झालं" असं सुचवणारा एक नातेवाईक आम्हाला भेटला. प्रत्येक घरात एक असतो. मुलांच्या ट्रेलरसाठी युरोपचं ईएन १५९१८ आणि अमेरिकेचं एएसटीएम एफ१९७५ अशी मानकं आहेत. आम्ही लेबलवर यांपैकी एखादा क्रमांक शोधायचो. नसला तर पुढे जायचो.

दोघांच्या ट्रेलरची वजनाची मर्यादा बऱ्याच कंपन्या मुलं आणि सामान मिळून ४५ किलो सांगतात. आमची मुलं २५ किलोंची, तेव्हा जागा भरपूर वाटली. पण स्वतः ट्रेलरचं वजन मॉडेलप्रमाणे ९ किलोंपासून १५-१६ किलोंपर्यंत जातं. मुलं, ट्रेलर आणि दोन पिशव्या मिळून माझ्या मागे ४०-४५ किलो येणार होते, आणि ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसतो. ते सगळं माझ्या सायकलच्या दोन ब्रेकांनी थांबवायचं.

म्हणून मुलांना बसवायच्या आधी पाणी बसवलं. एका ओळखीच्यांनी त्यांचा जुना ट्रेलर वापरून बघायला दिला होता. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे मोजमाप सोपं. कॅन काठोकाठ भरायचे, नाहीतर आतलं पाणी हिंदकळतं आणि ट्रेलर मागून ढकलल्यासारखा वागतो. कॅन मुलांच्या पट्ट्यांनीच बांधले. सपाट रस्त्यावर थोड्या वेळात मागे काही आहे हेच विसरायला होतं, आणि धोका तोच आहे. चढावर अर्थातच आठवण होते, सगळ्यात हलका गिअर लागतो. उतारावर थांबायला नेहमीपेक्षा बरंच जास्त अंतर लागलं. वळणात जोरात ब्रेक दाबला तेव्हा ट्रेलरने सायकलचा मागचा भाग बाजूला रेटला, कारण जोड मधोमध नसून एका बाजूला असतो. वळणाच्या आधी वेग कमी करायचा आणि वळताना ब्रेक सोडायचा, हे पाण्याचे कॅन मागे असताना शिकलेलं बरं. पुस्तिकांमध्ये जास्तीत जास्त वेग बहुधा ताशी २५ किलोमीटर दिलेला असतो, वळणावर त्याहून बराच कमी. माझा वेग तसाही तिथवर पोचत नाही. ट्रेलर घरी आणायच्या आधी ब्रेकचे पॅड मात्र नवे घातले.

आणखी एक प्रयोग करून पाहिला. जोडाच्या टोकावर किती भार येतो ते बघायला दांड्याचं टोक अ‍ॅक्सलच्या उंचीवर एका खोक्यावर ठेवलं आणि मध्ये वजनकाटा. फक्त पुढे कॅन असताना साडेपाच किलो. मागच्या कप्प्यात जड पिशवी ठेवली तर दोनच्या खाली. तो कप्पा ट्रेलरच्या चाकांच्या मागे असतो, त्यामुळे तिथलं वजन दांड्याचं टोक वर उचलतं. फार उचललं तर सायकलचं मागचं चाक हलकं होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. किमान आणि कमाल किती भार चालतो ते प्रत्येक ट्रेलरच्या पुस्तिकेत असतं. जड वस्तू मुलांच्या पायांशी, हलक्या मागे, असं आमचं ठरलं.

स्प्रिंगबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. स्प्रिंग असलेले ट्रेलर जड आणि महाग असतात आणि सगळेजण तेच घ्या म्हणतात. रस्ता खडबडीत असेल तर घ्यावेतच. पण आधी टायरमधली हवा बघावी. सायकलच्या टायरसारखी टणटणीत हवा ट्रेलरच्या टायरमध्ये भरली की दहा किलोंचं मूल आत उडत राहतं. टायरच्या कडेवर किती हवा चालते ते छापलेलं असतं. मुलं हलकी असतील तर त्यातल्या खालच्या आकड्याजवळ राहायचं. वापरून बघायला मिळालेल्या त्या जुन्या ट्रेलरमध्ये हवा कमी केली आणि गतिरोधकावरून पुन्हा नेला तर कॅनची आदळआपट ऐकू येण्याइतकी कमी झाली. ज्या स्प्रिंगा वजनाप्रमाणे कमीजास्त करता येतात त्यांचा उपयोग होतो. एकाच ताठपणाच्या स्प्रिंगा मोठ्या मुलांच्या वजनाला बेतलेल्या असल्या तर छोट्याच्या वजनाने त्या दबतच नाहीत. आम्ही शेवटी स्प्रिंगवाला घेतला, कारण आमच्या रोजच्या रस्त्याचा एक तुकडा नुसता फरशांचा आहे.

घेतला तो वापरलेला. दोघांच्या वयात फरक असल्यामुळे तो फार वर्षं पुरणार नव्हता, आणि असे ट्रेलर लोक चांगल्या स्थितीत विकतात. वय ओळखायला नावाचीही मदत होते. चॅरिअट ही कॅनडातली कंपनी २०११ मध्ये थूलेने घेतली, तेव्हा ज्याच्यावर नुसतं चॅरिअट लिहिलंय तो बराच जुना असणार. एक असा आम्ही पाहिला. सांगाडा ठणठणीत, पण उन्हाने कापड कडक झालेलं, नखाने ओढलं तर चरचरायचं. पट्टेही त्याच उन्हात असतात, म्हणून सोडला. दुसऱ्याच्या दांड्यावर, जोडाच्या जवळ, केसाएवढी रेघ होती. विकणारे म्हणाले ओरखडा आहे. असेल. मी बोट फिरवलं, नख अडकलं, आणि "विचार करून सांगते" म्हणून निघाले. जोडातला रबरी किंवा लवचीक भाग वाकवून त्यात चिरा दिसतात का, जोड तुटला तरी ट्रेलर सुटून जाऊ नये म्हणून असलेला जादा पट्टा जागेवर आहे का, दुमडायच्या खटक्या पूर्ण बसतात का, चाकं बटण दाबल्याशिवाय ओढून निघत नाहीत ना, आणि त्या मॉडेलला कंपनीने कधी परत बोलावलं होतं का, इतकं बघून तिसरा घेतला. झेंड्याची काठी तेवढी गायब होती, ती नवी आणली. झेंडा हवाच. ट्रेलर इतका बुटका असतो की मोठ्या गाडीच्या चालकाला दोन गाड्यांच्या मधून तो दिसत नाही. सायकलचा मागचा दिवाही ट्रेलरमुळे झाकला जातो, म्हणून ट्रेलरच्या पाठीवर दोन्ही कडांना वेगळे दिवे लावले. एकच असला तर अंधारात रुंदी कळत नाही.

वापरायला लागल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. पावसाचं प्लास्टिक उन्हात बंद ठेवलं तर आत काही मिनिटांत कोंदट होतं, म्हणून कोरड्या दिवशी फक्त जाळी. जाळीही कायम लावलेली हवी, कारण माझं मागचं चाक खडे आणि चिखल थेट मुलांच्या तोंडावर उडवतं. मी मडगार्डला खाली रबराची लांब झालर जोडली तेव्हा ते कमी झालं. दुसरी म्हणजे आवाज. वाऱ्यात आणि वाहतुकीत मागचं काही ऐकू येत नाही. थोरलीला सायकलची घंटी दिली आहे आणि ती फक्त "थांब" या अर्थाने वाजवायची असं ठरलंय. ठरलंय एवढंच. धाकट्याची मान झोपेत पुढे पडते, ते मात्र तिची घंटी बरोबर सांगते, आणि मग थांबून पाठ थोडी मागे कलवायची.

थोरलीच्या हेल्मेटच्या वर आता चार बोटं जागा उरली आहे. ती संपली की ती स्वतःच्या सायकलवर जाईल आणि ट्रेलरमध्ये धाकटा एकटा. एका बाजूला बसवलेलं एकटं मूल ट्रेलर एकीकडे कलतं ठेवतं. हा घेताना पट्टे मधोमध लावायची सोय आहे का ते पाहून घेतलं होतं. आहे. सीटखाली दोन जादा खाचा आहेत, पट्टे तिथे सरकवले की झालं.